हळदीच्या कागदावरची नदी

(आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण. स्मरणिकेसाठी काही ठिकाणी थोडे वाढवून लिहिले आहे.)



आज मला "कला आणि नदीचे रक्षण" या विषयावर बोलावयास सांगितले आहे. विषयाचे नाव ऐकूनच मला घाम फुटला. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावाला होती आणि एस.टी. सकाळी एकच, म्हणून शाळा सुटली ती सुटलीच. कला म्हणावी तर दारापुढची रांगोळी आणि भुलाबाईची गाणी, एवढेच माझ्याजवळ आहे. परंतु आपल्या चिटणीस वहिनी म्हणाल्या, "भाषण करू नका, जे झालं तेच सांगा." तेव्हा जे झाले तेच सांगते. त्यात माझी एक चूक आहे. ती सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

त्याच्याही आधी थोडे माहेरचे. माझे माहेर घाटाखाली, संग्रामपूर तालुक्यात. तिकडच्या बायका या सभेत दोघी-तिघी आहेत, त्यांना निराळे सांगावयास नको. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतून जो पट्टा जातो त्याला खारपाण पट्टा म्हणतात. जमीन काळीभोर, कापूस चांगला, पण विहीर खणली की पाणी खारट. त्या पाण्यात डाळ शिजत नसे आणि साबणाला फेस येत नसे. माझी आई सातपुड्यातून येणाऱ्या नदीच्या वाळूत झिरा काढून वाटीवाटीने घागर भरी. एक घागर भरावयास किती वेळ लागे हे मी मोजलेले नाही, पण तिची वाट पाहता पाहता आम्ही भावंडे झोपून जात होतो. माझा थोरला भाऊ मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेला. ते पाण्यानेच झाले असे मी म्हणणार नाही, कारण डॉक्टरांनी तसे लिहून दिलेले नाही. परंतु त्या पट्ट्यात हे दुखणे घरोघरी ऐकू येते, एवढे खरे.

लग्न होऊन मी इकडे घाटावर आले. पहिल्या दिवशी सासूबाईंनी पाण्याचा तांब्या हातात दिला, तो मी उभ्या उभ्या रिकामा केला आणि दुसरा मागितला. म्हटले, "पाणी किती गोड आहे हो!" त्या हसल्या. म्हणाल्या, "पाणी गोडच असते, त्यात काय?" भगिनींनो, तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट बसली आहे. ज्यांच्याकडे गोडे पाणी आहे त्यांना ते गोड आहे हेच ठाऊक नसते.

आपली पैनगंगा बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरात निघते. येळगावच्या धरणातून बुलढाणा शहराला पाणी जाते ते तिचेच. पुढे पेनटाकळीचे धरण, मग मेहकर, मग वाशीम, हिंगोली, नांदेड, यवतमाळ असे करीत ती वर्धा नदीला मिळते. तेथून ते पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि गोदावरीतून पूर्वेच्या समुद्रात जाते. घाटाखालचे पाणी मात्र पूर्णेतून तापीत आणि तापीतून पश्चिमेच्या समुद्रात जाते. एकाच जिल्ह्यात माझ्या माहेरचे पाणी एका समुद्राला आणि सासरचे दुसऱ्या समुद्राला. हे मला मुलाच्या भूगोलाच्या पुस्तकातल्या नकाशावरून कळले, शाळेत असताना नव्हे.

आता चूक सांगते.

२०२२ च्या २ ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या दिवशी, सेवाग्रामहून सरकारने "चला जाणूया नदीला" या नावाची मोहीम सुरू केली, हे आपणांस आठवत असेल. नदीच्या काठाने चालत जावे, लोकांशी बोलावे, नदी का बिघडली ते समजून घ्यावे, असा तिचा हेतू होता. सुरुवातीला राज्यातल्या पंचाहत्तर नद्या घेतल्या होत्या. वर्तमानपत्रात ते वाचून आपल्या मंडळाने ठरविले की आपणही नदीसाठी काही करू. म्हणून २०२३ च्या १५ ऑगस्टला मुलांची चित्रकलेची स्पर्धा ठेवली. विषय होता "माझी नदी". परीक्षक तिघी होतो, त्यात एक मी.

त्रेपन्न चित्रे आली. त्यांपैकी बावन्न चित्रांत नदी निळी होती. मागे दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, नारळाचे झाड आणि पाण्यात पांढरा राजहंस. भगिनींनो, आपल्या गावात नारळाचे झाड किती आहेत? राजहंस कोणी पाहिला आहे? पण आम्ही तिघींनी त्यातलीच तीन चित्रे निवडली आणि कंपासपेट्या बक्षीस दिल्या.

त्रेपन्नावे चित्र एका सहावीतल्या मुलीचे होते. नाल्याच्या पलीकडच्या वस्तीतली. तिच्याजवळ रंगपेटी नव्हती. तिने चुलीतल्या कोळशाने नदी काळी केली होती आणि कडेने जो फेस साचतो तो हळदीने पिवळा काढला होता. काठावर बाभळीच्या काट्यांना अडकलेल्या पिशव्या काढल्या होत्या. पुलावरून एक बाई पिशवी खाली टाकीत आहे, असेही होते. मी ते चित्र हातात धरून सगळ्यांसमोर म्हटले, "नदी अशी काढतात काय वं?" सगळी मुले हसली. ती म्हणाली, "मावशी, काळीच हाये ना. निळी कुठं हाये?" मी म्हटले, चित्र म्हणजे सुंदर पाहिजे. आणि ते चित्र तिला परत दिले.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी श्रावणातला सोमवार होता. पूजेचे निर्माल्य पिशवीत बांधून मी नेहमीप्रमाणे पुलावर गेले. पिशवी खाली टाकली. ती पाण्यात पडली नाही, बाभळीला अडकली. मी वाकून पाहिले, तर खाली तेच चित्र होते. तसेच काळे पाणी, तसाच पिवळसर फेस, तशाच पिशव्या, आणि वर पुलावर पिशवी टाकणारी बाई. ती बाई मी होते. मला तेथे उभे राहवेना.

त्याच संध्याकाळी मी त्या वस्तीत गेले. मुलीची आई गवंड्याच्या हाताखाली जाते, ती नुकतीच येऊन धुणे धूत होती. मी म्हटले, पोरीचे ते चित्र मला द्या. ती म्हणाली, "ते तर चुलीत घातलं बाई. तिला बक्षीस भेटलं नाही म्हणून तिनंच फाडलं." मी काय बोलणार? मग मुलीला म्हटले, मला दुसरे काढून दे. तिने वहीचा कागद घेतला, हळद कालवली आणि काढावयास बसली. आई पाहावयास उठली आणि धुण्याच्या ओल्या हाताने तिने कागद उचलला, तर जेथे तिची बोटे लागली तेथे पिवळ्याचे लाल झाले. मी दचकले. मुलगी म्हणाली, "साबणाचा हात लागला की असंच होते, मावशी."

आपण सर्वजणींनी हे पाहिलेले आहे. कपड्यावर वरणाचा डाग पडला आणि त्याला साबण लावला की तो लाल होतो. धुण्याचा सोडा, साबण, कपड्यांची पूड हे सगळे क्षाराचे असते आणि हळद क्षाराला भेटली की लाल होते. चुन्यात हळद कालवून कुंकू करीत असत, तीही हीच गोष्ट. इतकी वर्षे ही गोष्ट माझ्या स्वयंपाकघरात होती, पण नदीशी तिचा संबंध आहे हे मला सहावीतल्या मुलीने दाखविले.

पुढच्या शनिवारपासून मंडळाच्या ओसरीवर आम्ही मुलींना जमवू लागलो. कोरे कागद घ्यावयाचे, त्यावर हळदीच्या पाण्याचा हात फिरवून वाळवावयाचे. मग प्रत्येकीने आपल्या घरच्या मोरीचे पाणी वाटीत आणावयाचे आणि काडीला कापूस गुंडाळून त्या पाण्याने हळदीच्या कागदावर चित्र काढावयाचे. नुसते पाणी असेल तर काहीच उमटत नाही. धुण्याचे पाणी असेल तर रेघ तांबडी उमटते. कोणी मासा काढला, कोणी घर काढले. एका मुलीच्या कागदावर काहीच उमटेना, ती रडकुंडीला आली. चौकशी केली तर तिच्या आईने त्या दिवशी धुणे धुतलेच नव्हते. आम्ही सगळ्या खूप हसलो.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर कोणाची फसगत होईल. आम्ही नदीचे पाणी आणून त्या कागदावर लावले तेव्हा ते लाल झाले नाही. मुली म्हणाल्या, म्हणजे नदी स्वच्छ आहे! तसे नाही. नदीपर्यंत जाता जाता साबण विरळ होतो, इतका की हळदीला तो कळत नाही. पण घरोघरीच्या मोरीतले अन्न, तेल, मळ आणि संडासाचे पाणी तर जातेच ना. ती घाण कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते, मग मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. शेवाळ आणि जलपर्णी मात्र त्यावर पोसतात. म्हणजे हळदीचा कागद मोरीची परीक्षा करतो, नदीची करीत नाही. हे मुलींना मी दोनदा सांगितले आणि शाळेतल्या गुरुजींकडून खात्री करून घेतली.

मग आमच्या मुलींनी एक उद्योग केला, त्यावरून गावात भांडण झाले. पाराजवळच्या सारवलेल्या जागेत त्यांनी रांगोळीने आमच्या आळीची नाली काढली. पांढरी रेघ म्हणजे नाली. ज्या घराचे मोरीचे पाणी तिला मिळते त्या घरापासून कुंकवाची लाल रेघ. सगळ्या रेघा मिळून नाल्यात, नाला नदीत. कोणाचेही नाव लिहिले नव्हते, पण घराची जागा पाहून कोणालाही कळे. दुपारपर्यंत तीन बायका भांडावयास आल्या. "आमचं घर कशाला काढलं? तुमचं काढा." मी त्यांना दाखविले की पहिली रेघ माझ्याच घराची आहे, आणि ती सगळ्यांत जाड आहे, कारण आमच्या घरी माणसे नऊ आणि धुणे रोजचे. तरी एक जण महिनाभर माझ्याशी बोलली नाही. ती आज येथे बसली आहे आणि हसते आहे, म्हणून सांगते. शोषखड्डा आळीत सर्वांत आधी तिनेच खणला.

नदीच्या रांगोळ्या, चित्रे, भिंतीवरच्या घोषणा आम्ही त्याआधीही केल्या होत्या. घाटावर मोठी रांगोळी काढली, फोटो काढले, चहा घेतला आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी पावसाने रांगोळी वाहून नदीतच गेली. त्या रांगोळीवरून कोणी भांडले नाही आणि कोणाची मोरीही बंद झाली नाही. माझे तर मत असे झाले आहे की ज्या चित्रात आपले स्वतःचे घर नाही ते चित्र नदीच्या उपयोगाचे नाही.

आता भुलाबाईकडे येते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आपल्याकडे पोरी भुलाबाई बसवितात, घरोघर गाणी म्हणतात आणि डब्यातला खाऊ ओळखतात. आमच्या लहानपणी भुलाबाई-भुलोजी कुंभाराकडची मातीची असत. आता बाजारात साच्यातली, चकचकीत रंगाची येतात. ती बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसची असतात. हे प्लास्टर म्हणजे जिप्सम भाजून केलेली पूड. पाणी लागले की ती दगडासारखी घट्ट होते, मातीसारखी विरघळत नाही. वरचा रंग पाण्यात सुटतो तो निराळाच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या मे महिन्यात मूर्तींबद्दल नियम काढले, त्यात मूर्ती मातीच्या असाव्यात आणि रंग नैसर्गिक असावेत असे सांगितले. पण नियम कागदावर, आणि उन्हाळ्यात डोह आटला की मागच्या वर्षीचे गणपती आणि भुलाबाया चिखलात तशाच उभ्या! कोणाचा हात नाही, कोणाचे नाक नाही. ज्या देवीला महिनाभर खाऊ दाखविला तिला तशी पाहवत नाही.

म्हणून आम्ही ठरविले की भुलाबाई आपणच करावयाची, आणि माती नदीचीच घ्यावयाची. पहिल्या वर्षी फजिती झाली. काठची काळी माती चाळून, मळून मूर्ती केल्या, सुकल्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या तडकल्या. भुलोजीचे तर डोकेच निराळे झाले. मग एका कुंभारदादांकडे गेलो. ते म्हणाले, "काळी माती एकटी टिकत नाही. तिच्यात पांढरी माती घाला, थोडी राख घाला आणि पिंजलेला कापूस घालून तिंबा." कापसाला आपल्याकडे काय तोटा! कापूस घालून लोण्यासारखी माती तिंबली, उन्हात न ठेवता सावलीत ओल्या फडक्याखाली सुकविली, तेव्हा मूर्ती टिकल्या. रंगाला गेरू, हळद, चुना आणि काजळ. शिमग्याला पळसाची फुले वाळवून ठेवली होती, त्यांच्या उकळलेल्या पाण्याने भुलाबाईचा शालू केशरी झाला. बाजारच्या मूर्तीपुढे ती जरा काळीसावळी दिसते, हे कबूल आहे. माझ्या सुनेने सांगूनही टाकले, "आई, भुलोजी जरा रागीट झाले आहेत."

माती आणावयास गेलो म्हणून मुली नदीत उतरल्या. त्यांच्यातल्या निम्म्या जणी गावात जन्मल्या, पण नदीत कधी उतरल्याच नव्हत्या, पुलावरून मात्र रोज जात होत्या. माती कोठली चांगली, वाळू कोठे उरली आहे, कोठे नुसता काळा गाळ आहे आणि त्याला वास येतो, हे त्यांच्या हाताला कळले. नाल्याच्या तोंडाची माती हातात घेऊन एक मुलगी म्हणाली, "शी! हिची भुलाबाई करायची नाही." त्यावर दुसरी म्हणाली, "मग आपण ती इथं बुडवतो कशी?" मी त्यांच्या वयाच्या दुप्पट-तिप्पट, पण ही शंका माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. त्या वर्षीपासून विसर्जन नदीत नाही. मोठ्या घमेल्यात पाणी घेऊन त्यात भुलाबाई विरघळवितो आणि ती माती काठावरच्या झाडांच्या आळ्यात घालतो.

गाणीही थोडी बदलली. जुनी गाणी जशीच्या तशी राहू दिली, ती मोडावयाची नाहीत. पण त्यांच्या चालीवर मुलींनी काही नवे जोडले. मी केलेले दोन चरण सांगते, हसू नका.

कोणाच्या मोरीचं पाणी गं बाई, कोणाच्या दारी जाते?
आमच्याच मोरीचं पाणी गं बाई, नदीच्या पदरी येते.

हे गाणे ज्या घरापुढे म्हटले त्या घरातून खाऊ जरा उशिरा आला, पण आला.

सर्वांत मोठा विरोध निर्माल्याच्या गोष्टीला झाला, आणि तो आमच्याच आळीतल्या एका आजींनी केला. त्या म्हणाल्या, "देवाचं फूल उकिरड्यावर टाकायचं काय? तुम्हाला धर्म राहिला नाही." त्यांना मी काय सांगणार? आमचे बोलणे त्यांच्या पुढे टिकण्यासारखे नव्हते. मग मी त्यांनाच विचारले, "आजी, तुमच्या लहानपणी निर्माल्य कशात बांधून नेत होत्या?" म्हणाल्या, "बांधायचं कशाला? ओंजळीत न्यायचं. फार तर पळसाच्या पानात." आणि त्या स्वतःच गप्प झाल्या. थोड्या वेळाने त्यांनी वडिलांनी ऐकलेल्या गाडगेबाबांच्या कीर्तनाची गोष्ट काढली.

गाडगेबाबांचे नाव आपण घरोघर घेतो, पण ते नदीपासून सुरू झाले हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांचा जन्म १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्याच जिल्ह्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे, तेथे पौषात यात्रा भरते. काठावर चिखल, लोक घसरून पडत. बाबांनी तेथे स्वतः अंगमेहनत केली आणि १९०८ साली पूर्णेवर घाट बांधला गेला. पंढरपूरच्या धर्मशाळा वगैरे सगळे त्याच्या पुढचे. ज्या गावात कीर्तन असेल त्या गावात दिवसा खराटा घेऊन ते रस्ते झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. आधी लोकांनी त्यांना झाडताना पाहिलेले असे, म्हणून रात्रीचे बोलणे लोकांना लागे. कीर्तनही कसे, तर लोकांनाच प्रश्न विचारावयाचे आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढावयाचे. १९५६ च्या २० डिसेंबरला त्यांनी देह ठेवला तोही वलगावजवळ पेढी नदीच्या काठी, आणि ती पेढी पूर्णेलाच मिळते. म्हणजे ते सगळे पाणी माझ्या माहेराकडे येते. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो, अभिमान वाटण्यासारखे मी काही केलेले नसले तरी.

कला म्हणजे काय आणि शिकविणे म्हणजे काय, हे निराळे करून बाबांनी कधी पाहिले नाही. आजींनी त्या दिवशी एवढेच म्हटले, "माझं निर्माल्य मी शेतात आंब्याच्या बुडी घालीन. पण नदीत काय करायचं ते तुम्ही मला शिकवू नका." आम्हाला तेवढे पुरे होते. आता आळीतल्या बऱ्याच घरांचे निर्माल्य त्यांच्याच आंब्याखाली जाते आणि कोणी चुकून दोरा किंवा पिशवी टाकली तर आजी घरी येऊन परत देतात.

दुसरीकडेही असे चालते. बिहारमध्ये मधुबनी जिल्ह्यात रस्त्याकडेची झाडे तोडली जात होती, तेव्हा २०१२ च्या सुमारास तेथल्या लोकांनी त्या झाडांच्या बुंध्यांवर आपली मधुबनी चित्रे काढली. देवादिकांचे चित्र असलेल्या झाडावर कुऱ्हाड घालावयास हात धजेना. पुण्यात जीवितनदी नावाची संस्था मुठा नदीच्या काठाने लोकांना पायी हिंडविते आणि "मुठाई" म्हणून नदीचा उत्सवही तेथे होतो. पुण्यासारख्या शहरात बायका नदीकाठी उतरतात आणि आपण येथे पन्नास पावलांवर राहून उतरत नाही!

अगदी शेजारचे सांगावयाचे तर लोणारचे पाहा. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे, तेव्हा आपल्या गावातून गाड्या भरभरून लोक पाहावयास गेले. मीही गेले. आपल्या नदीचे पाणी काळे झाले ते पाहावयास कोणी गेले नाही. २०१८ साली केंद्रीय मंडळाने देशातल्या नद्यांचे ३५१ भाग दूषित म्हणून मोजले, त्यांत ५३ एकट्या महाराष्ट्रातले, सर्व राज्यांत जास्त. तेव्हा दुसऱ्या कोणाकडे बोट दाखवावयास आपल्याला जागा उरलेली नाही.

आता शोषखड्ड्यांचे. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी म्हणून गाव आहे. तेथे घरोघरी शोषखड्डे करून गावातल्या उघड्या नाल्या बंद केल्या आणि डासही हटविले. त्याला पुढे नांदेड पॅटर्न असे नाव पडले. हिमायतनगर तालुका पैनगंगेच्याच काठचा, आपल्या खालच्या अंगाचा. ते आपले पाणी पितात, तेव्हा त्यांच्याकडून शिकावयास लाज कसली? चार फूट लांब, चार फूट रुंद, चार फूट खोल खड्डा. मध्ये भोके पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि विटांचे तुकडे. मोरीचे पाणी टाकीत, टाकीतून दगडांत, दगडांतून जमिनीत. संडासाचे पाणी यात सोडावयाचे नाही आणि विहिरीच्या जवळ खड्डा घ्यावयाचा नाही.

आमच्या आळीत सात खड्डे झाले. त्यांतले पाच चांगले चालतात. दोन काळ्या मातीत आहेत, ते पावसाळ्यात तुंबतात आणि पाणी पुन्हा नालीतच जाते, त्यांतला एक माझा आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी पीत नाही. मुरमात खड्डा घेतला तर जमते. म्हणून मी यंदा परसातून पाइप नेऊन पलीकडे मुरूम लागतो तेथे दुसरा खड्डा घेणार आहे. घरच्यांचे म्हणणे, एकदा पैसे घातले तेवढे पुरे झाले. ते भांडण अजून चालू आहे.

नदी स्वच्छ झाली का, असे मला पाहुण्या ताईंनी सकाळी विचारले. नाही झाली. नाला अजून येतो, कारण आमची एक आळी म्हणजे गाव नव्हे. पुलाच्या वरच्या अंगाला, आमच्या घाटाजवळ, पिशव्या कमी झाल्या आहेत. गेल्या उन्हाळ्यात डोहाच्या गाळात मूर्ती सापडल्या, पण त्या जुन्या होत्या. एवढेच मी सांगू शकते.

ती मुलगी आता वरच्या वर्गात गेली आहे. आठवीची शाळा लांब आहे, पण सायकल मिळाली म्हणून ती जाते. तिचे कोळशाचे नवे चित्र आपल्या मंडळाच्या खोलीत दाराजवळ लावले आहे, ते जाताना पाहून जा. त्यातल्या फेसावर तिच्या आईच्या बोटांचे लाल ठसे अजून दिसतात. त्यावेळी द्यावयाची राहिलेली कंपासपेटी आम्ही तिला दिली. तिने घेतली, पण म्हणाली, "मावशी, मला आता रंग द्या, कंपास माझ्याजवळ हाये."

येत्या रविवारी सकाळी सात वाजता माती आणावयास जावयाचे आहे. घरातले एक जुने घमेले, चाळणी आणि पसाभर पिंजलेला कापूस प्रत्येकीने बरोबर आणावा. पायांत रबरी चपला असू द्या, काचा आहेत.